चेंबूरचं इंजिन का सोडलंस, विनू?

विनू,

शर्यतींच्या क्लबवाल्यांनी माझ्याकडे तुझ्यावर चार ओळी मागितल्यात. जन्म कुठला, शिक्षण काय, कुठल्या शर्यती, कुठले करंडक. म्हटलं, ते दुसऱ्या कुणाकडून लिहून घ्या. मला लिहायचंच असेल तर मी विनूलाच लिहीन.

परवा तुझं बारावं झालं. वर्सोव्याच्या तुमच्या घरापुढे मांडव घातला होता आणि माणसं मावत नव्हती. बंदरावरचे सगळे होतेच, पण शर्यतीतलेही बरेच आले होते. त्यातल्या दोघातिघांनी मला बाजूला घेऊन तोच प्रश्न विचारला, जो ते तुलाही इतकी वर्षं विचारत होते. "विनू तांडेलने मणीअण्णांचं इंजिन सोडलं कशाला रे? काहीतरी वाजलंच असणार ना दोघांचं?"

"नाही वाजलं," एवढंच मी म्हणालो. पुढचं मांडवात उभं राहून सांगता येण्यासारखं नव्हतं. शिवाय पुढचं आपल्या दोघांत तरी कुठे नीट संपलं होतं?

साकीनाक्याच्या तुझ्या गाळ्यात आपण गाडी बांधायला घेतली, तेव्हा गिरण्यांचा संप चिघळून माझे बाबा घरी बसले होते. मी बँकेत चिकटलो होतो म्हणून घाटकोपरचं घर चाललं होतं. बँकेतला कारकून शर्यतीची गाडी चालवतो हे आमच्या चाळीत कुणाला खरं वाटायचं नाही. तू दिवसभर कंपन्यांचं वेल्डिंगचं काम करायचास आणि ते उरकलं की शटर अर्धं ओढून घेऊन आपलं काम. तू बांधायचास, मी चालवायचो. नळ्या जोडजोडून तू चॅसीचा सांगाडा केलास आणि ती एकट्या माणसाची लांबुडकी गाडी उभी केलीस. पहिल्यांदा मी तिच्यात बसलो आणि माझे गुडघे स्टिअरिंगला लागले, तेव्हा तू चिडून म्हणालास, "तुझे पाय कापून घे. चॅसी आता बदलणार नाही." दुसऱ्या दिवशी मी आलो तर तू चॅसी बदलायला घेतली होतीस.

फक्त इंजिन आपलं नव्हतं. नियमाप्रमाणे सगळ्यांनाच टॅक्सीचं इंजिन लावावं लागायचं. पण ते कोण उघडतो, आत काय घासतो, काय हलकं करतो, यावर सगळा खेळ होता. आणि त्यात मणीअण्णांच्या जवळपास जाणारं कुणी नव्हतं. चेंबूरला घरामागच्या शेडमध्ये ते एकटे काम करायचे. त्यांचं इंजिन विकत मिळत नसे. ते हंगामापुरतं वापरायला द्यायचे आणि हंगाम संपला की परत घ्यायचे. त्यांची मुख्य टीम एका कारखानदाराच्या मुलाची होती. दोन गाड्या, स्वतःचा ट्रक, गणवेश घातलेले मेकॅनिक. उरलेली इंजिनं आपल्यासारख्या लहान टीमना. ती मोठ्या टीमची गेल्या वर्षीची असायची हे आपल्याला माहीत होतं, आणि तरी ते मिळालं त्या दिवशी तू वर्सोव्याहून पापलेटं घेऊन अण्णांच्या घरी गेला होतास. अण्णा मासे खात नाहीत हे तुला दारात पोचल्यावर कळलं.

ते इंजिन मी पहिल्यांदा चालवलं तो दिवस मला कधीच विसरता येणार नाही. तोवर मी गाडी ढकलत होतो आणि त्या दिवशी गाडीने मला ढकललं.  खाली उतरल्यावर तू विचारत होतास, "कसंय? कसंय?" आणि मी नुसता हसत होतो. अण्णांनी आपल्याला जे दिलं ते खोटं नव्हतं, विनू. हे तूही कधी नाकारलं नाहीस.

पण त्यांची इंजिनं मोठ्या टीमच्या गाडीसाठी केलेली होती. इंजिनखालचं तेलाचं चेंबर खोल, म्हणून आपल्या गाडीत ते उंच बसायचं आणि वळणावर गाडी कलंडल्यासारखी व्हायची. धुराची नळी नेमकी आपल्या चॅसीच्या आडव्या दांड्यावर यायची, म्हणून तू दांडा कापलास, आणि मग तिथे जोर कमी पडला म्हणून दुसरीकडे दोन दांडे वाढवलेस. इंजिन हाती यायचं तेही सगळ्यांच्या शेवटी. मी म्हणायचो, संथ वळणातून बाहेर पडताना इंजिन क्षणभर अडखळतं. तू ते अण्णांना सांगायचास. अण्णा शांतपणे म्हणायचे, "त्यांच्या गाडीत तर काही त्रास नाही." खोटं बोलत नव्हते. त्यांच्या गाडीत खरंच काही त्रास नव्हता.

मग मद्रासजवळची ती शर्यत. शोलावरमची विमानांची जुनी धावपट्टी, सगळीकडे धूळ, आणि आपण ट्रकमधून उतरलेले, पाठी आखडलेले. सरावात मी तिसऱ्या क्रमांकाची वेळ लावली. आपल्यापुढे फक्त मोठ्या टीमच्या दोन गाड्या. तू स्टॉपवॉच मला दाखवलंस, मग स्वतः परत बघितलंस, मग कानाला लावून बघितलंस, जणू ते बंद पडलं असावं. दुसऱ्या दिवशी आपण पहिल्या रांगेच्या लगेच मागे उभे राहणार होतो. आयुष्यात पहिल्यांदा.

त्याच दुपारी धावपट्टीच्या दुसऱ्या टोकाकडून एक आवाज आला. तू मान वर न करता म्हणालास, "रॉड गेला कुणाचातरी." मोठ्या टीमच्या पहिल्या गाडीचा होता. आतला दांडा तुटून इंजिनच्या बाजूला हात जाईल एवढं भोक पडलं होतं.

थोड्या वेळाने मणीअण्णा आपल्याकडे आले. एकटेच आले होते.

"विनू, तुझं इंजिन द्यावं लागेल."

मला आधी वाटलं, एखादा सुटा भाग मागतायत. "म्हणजे पूर्ण इंजिन?" मी विचारलं.

"पूर्ण," माझ्याकडे न बघता ते म्हणाले. "त्यांच्याकडे दुसरं नाही. माझ्याकडेपण नाही."

"आणि उद्या आम्ही काय करायचं, अण्णा? गाडी ढकलत न्यायची?"

तू माझा दंड धरलास. "इंजिन त्यांचं आहे, दिल्या." मग अण्णांकडे वळून म्हणालास, "गरम आहे अजून. थोडं थंड होऊ दे, काढून देतो."

मोठ्या टीमचे मेकॅनिक आले तर तू त्यांना हात लावू दिला नाहीस. स्वतः सगळे बोल्ट सोडवलेस, इंजिन उतरवलंस, फडक्याने पुसलंस आणि चॅसीतल्या रिकाम्या खळग्यावर ताडपत्री बांधलीस. दुसऱ्या दिवशी ती शर्यत आपल्या इंजिनाने जिंकली. मी तारेच्या कुंपणाला टेकून बघत होतो. तू शेजारी डोळे मिटून उभा होतास आणि गाडी समोरून गेली तसा म्हणालास, "छान वाजतंय." त्या क्षणी मी तुझ्या कानाखाली वाजवली असती.

परतीच्या वाटेवर कोल्हापूरच्या अलीकडे आपण चहाला थांबलो. 

"पुढच्या वर्षी अण्णांकडे जायचं नाही," तू म्हणालास.

"झकास! त्यांना तोंडावर सांगू, काय वाट लावलीत आमची ते."

"त्यांनी वाईट काही केलं नाही रे. त्यांच्या जागी मी असतो तर हेच केलं असतं. त्यांचं घर त्या टीमवर चालतं."

"मग सोडतोस कशाला?"

"म्हणूनच तर. रागाने केलं असतं तर एकदाच झालं असतं. त्यांना ते करावंच लागलं, दिल्या. म्हणजे परत करावं लागणार."

लोकांना वाटतं, लहान टीम इंजिन बदलते ती जास्त ताकदीसाठी, नाहीतर भांडण झालं म्हणून. तू त्याहून कमी ताकदीचं इंजिन घेतलंस आणि ज्याला सोडलंस त्याच्या मुलीच्या लग्नात आग्रहाने वाढायला उभा राहिलास. मग लोकांना कळायचं कसं?

मुलुंडच्या बाळा सावंतने शर्यतीचं इंजिन कधी उघडलंसुद्धा नव्हतं. तो पाण्याचे पंप आणि जनरेटर दुरुस्त करायचा. तू त्याच्यात काय बघितलंस ते मला पहिल्या भेटीत कळलं नाही. तू म्हणालास, आम्हाला एक इंजिन करून हवंय. तो म्हणाला, "आधी गाडी घेवन ये. गाडी बघल्याशिवाय इंजिन कसा करू?" आपण गाडी नेली. तो तिच्याभोवती फिरला, खाली आडवा झाला, मला आत बसायला लावलं आणि पुन्हा आडवा झाला. मग त्याने चेंबर उथळ करायचं ठरवलं, इंजिन खाली बसवायचं ठरवलं, नळी दुसऱ्या बाजूने काढली. तू पूर्वी कापलेला तो आडवा दांडा परत जागेवर वेल्ड केलास. त्या दिवशी तू शिट्टी वाजवत होतास, आणि तू शिट्टी फार वाईट वाजवायचास.

पण मग काय झालं? वाट लागली. पहिल्या हंगामात आपण कधी शेवटून पहिले, कधी शेवटून दुसरे. सरळ रस्त्यावर ज्यांना मी आदल्या वर्षी मागे टाकलं होतं, ते हात हलवून पुढे जायचे. दोनदा इंजिन अर्ध्यातच बसलं. बाळा प्रत्येक वेळी ते उघडून बघायचा आणि म्हणायचा, "माझा चुकला." त्याच्यावर रागावताही येत नव्हतं. मग राग तुझ्यावर निघाला.

तुमच्या घरामागे, बोंबील वाळत घातलेल्या बांबूंच्या मांडवाखाली आपण भांडलो ते आठवतं? हेमावहिनी टोपली घेऊन उभी होती.

"तुझ्या मानापायी माझी वर्षं चाललीत, विनू."

"मान नाही रे हा."

"मग काय आहे? तू अजून वीस वर्षं गाड्या बांधशील. माझे हातपाय किती वर्षं असे राहणार? तुझं इंजिन चांगलं होईपर्यंत मी म्हातारा होईन. तू ठरवलंस, आणि फेडतोय मी."

तू वाळत घातलेले बोंबील उलटे करायला लागलास.  वहिनीच म्हणाली, "दोघांनी आधी जेवून घ्या, मंग भांडा." आपण जेवलो. पण मग भांडलो नाही, आणि ते तसंच राहिलं.

काही दिवसांनी तू दुपारी बँकेत आलास. हात स्वच्छ धुतलेले, इस्त्रीचा शर्ट. मला वाटलं, घरी काही झालं. बाहेर नेऊन तू सांगितलंस की मोठ्या टीमला ड्रायव्हर हवाय आणि त्यांनी तुला विचारलंय, दिलीपला सोडशील का.

"मी हो म्हणून आलोय," तू म्हणालास. "अण्णांचं या वर्षीचं नवीन इंजिन मिळेल तुला. तू म्हणालास ते बरोबर होतं. तुझी वर्षं आहेत. जा."

मी एक दिवस मागून घेतला आणि दुसऱ्या दिवशी नाही म्हणालो. तू कारण विचारलंस तेव्हा मी म्हणालो, "त्यांच्याकडे गणवेश घालावा लागतो यार. मला निळा रंग शोभत नाही." तू हसलास आणि पुन्हा कधी विचारलं नाहीस. माझी समजूत अशी की तुला वाटलं, मी तुझ्या दोस्तीखातर थांबलो. तसं वाटून तू माझ्यावर थोडा जास्तच जीव लावलास.

ते तसं नव्हतं, विनू. त्या रात्री मी खरंच जायला निघालो होतो. मनातल्या मनात अण्णांच्या इंजिनाने शोलावरमची धावपट्टी फिरत होतो. आणि संथ वळणापाशी आल्यावर मला आठवलं की इथे ते अडखळतं. अण्णांना मी हे किती वेळा सांगितलं होतं. मोठ्या टीमच्या चांगल्या गाडीत कदाचित अडखळलं नसतं. पण अडखळलं असतं, तर मी कुणाला सांगणार होतो? बाळाला मी एकदा म्हणालो होतो, मधल्या वेगात इंजिन घुसमटतंय. त्याने कार्ब्युरेटर तिथल्या तिथे उघडला आणि अंधार पडेपर्यंत मला गल्लीतून गाडी पळवायला लावली. मी काय सांगतो त्यावर त्याचे हात हलायचे. इतकी वर्षं मी गाडी चालवत होतो, पण माझ्या बोलण्याने इंजिनात काही बदलतं हे मला मुलुंडला पहिल्यांदा कळलं. ते सोडून जावंसं वाटलं नाही. म्हणून थांबलो. तुझ्यासाठी नाही. तुला हे ऐकून वाईट वाटलं नसतं, उलट तू उड्या मारल्या असत्यास. पण ते सांगणं म्हणजे तू बरोबर होतास हे कबूल करणं, आणि तेवढं तुला द्यायची माझी तयारी नव्हती.

शिवाय तू पूर्ण बरोबर नव्हतासच. आज तू समोर असतास तरी मी हेच म्हणालो असतो. गेल्या हंगामात आपण एकदा दुसरे आलो, मोठ्या टीमच्या मागोमाग. मणीअण्णा चालत आपल्याकडे आले, वाकून इंजिन बघितलं, आणि बाळाला विचारलं, "चेंबर एवढं उथळ केलंस, वळणावर तेल कमी नाही पडत?" बाळा सांगत होता, ते ऐकत होते. तू लांब उभा राहून लाल झालेल्या कानशिलांनी दुसरीकडेच बघत होतास. तुझा एवढा आनंद मी तुझ्या लग्नातही बघितला नव्हता. पण विनू, ते दुसरं स्थान मिळायला जी वर्षं गेली ती माझ्या सर्वांत चांगल्या वर्षांतली होती. लहान टीम इंजिन बदलते तेव्हा तिचं पुढचं भलं होतही असेल. मधला काळ मात्र कुणालातरी भरून द्यावा लागतो, आणि तो ज्याने ठरवलं तोच भरून देतो असं नाही.

हॉस्पिटलमध्ये हेच तर चाललं होतं आपलं. कावीळ तुझ्या डोळ्यांत उतरली होती, पोट फुगलं होतं, आणि तू उशीला टेकून मला विचारलंस, "अजून राग आहे का रे?"

"आहे," मी म्हणालो.

"थोडा की पुरा?"

"थोडा."

"बरं झालं. मला वाटलं, मी आजारी आहे म्हणून खोटं बोलशील." मग तू म्हणालास, "मीही विचार केला त्याच्यावर. तुला सांगायचंय." तेवढ्यात नर्सने भेटीची वेळ संपली म्हणून सांगितलं. तू हाताने खूण केलीस. "उद्या ये. निवांत भांडू."

सकाळी वहिनीचा निरोप आला.

तुला काय सांगायचं होतं ते मला आता कळणार नाही. मी खूप डोकं चालवलं. तू माफी मागणार होतास असं कधी वाटतं, पण ते तुझ्या स्वभावात नव्हतं. माझी समजूत पटेल असा एखादा नवीन मुद्दा तुला सापडला असेल, हे जास्त तुझ्यासारखं. कधी वाटतं, बरं झालं, संपलं नाही. आणि लगेच वाटतं, काय बरं झालं? कुणाशी भांडू आता मी?

बाराव्याला मणीअण्णा शेवटपर्यंत बसून होते. मांडव रिकामा झाल्यावर ते माझ्याजवळ आले. खूप थकलेत रे.

"दिलीप, या हंगामाला माझं इंजिन घे. नवीन. त्यांना देणार होतो ते."

मी मागे वळून बघितलं. वहिनी दारात उभी राहून ऐकत होती. गाडी आता तिची आहे. ती मला म्हणाली, "तू चालवतोस, तूच सांग."

"अण्णा," मी म्हणालो, "तुम्ही मनापासून देताय. पण मधेच त्यांचं फुटलं तर?"

अण्णांनी मांडवाच्या खांबाला हात टेकला. ते खोटं बोलले असते तर मी कदाचित हो म्हणालो असतो. मग त्यांनी मान हलवली. "मागायला यावं लागेल," ते म्हणाले, आणि चष्मा काढून डोळे पुसायला लागले. मी त्यांचा हात धरून त्यांना टॅक्सीपर्यंत सोडलं. टॅक्सीत बसताना ते म्हणाले, "विनूने मला कधी एक शब्द ऐकवला नाही. ऐकवला असता तर बरं झालं असतं."

आज रविवार. सकाळी मी हेमावहिनीला घेऊन मुलुंडला गेलो. ती बाळाच्या गाळ्यात पहिल्यांदाच आली. बाळाने तिच्यासाठी खुर्ची पुसली, पण ती बसली नाही. इंजिन सुरू झालं तेव्हा बाळाने सवयीने तुला विचारायला मान वळवली आणि तशीच परत फिरवली. कारखाने बंद होते, गल्ली मोकळी होती. मी टोकापर्यंत जाऊन आलो, परत एकदा जाऊन आलो. डोळ्यांत पाणी येत होतं, ते वाऱ्याने म्हणायला सोय होती.

परत येऊन गाडी थांबवली. बाळा वाकून माझ्या तोंडाकडे बघत राहिला.

"वरच्या वेगाला ठीक आहे," मी म्हणालो. "पण वळून बाहेर पडताना उशिरा उचलतंय. किंचित."

 तो पाना घेऊन खाली बसला आणि उघडायला लागला.

वहिनी जवळ आली. थोडा वेळ त्याचे हात बघत राहिली. मग हळूच मला विचारलं, "काय करतोय आता तो?"

"मी सांगितलं ते," मी म्हणालो.